वाचकांचे प्रश्न : आधी सांधे, मग साज

जुनी फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी, माउंटन बाइक घरीच उघडून पुन्हा उभी करण्याविषयी आलेल्या पत्रांतून पाच प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतरांपेक्षा बरेच लांबले आहे. त्यातले काम नीट झाले नाही तर बाकीच्या चारही कामांवरचा खर्च वाया जातो, म्हणून ते मुद्दाम तसेच ठेवले आहे.

प्रश्न : माझ्याकडे दहा-बारा वर्षांपूर्वीची, २६ इंची चाकांची आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेमची फुल सस्पेन्शन सायकल आहे. चढावर पेडल मारताना करकर असा आवाज येतो आणि वळणावर मागचे चाक भरकटल्यासारखे वाटते. फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा), गिअर, ब्रेक असे सगळेच नवे घेण्याचे मनात आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : खरेदीची यादी तूर्त बाजूला ठेवा आणि फ्रेमपासून सुरुवात करा. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणे बहुतेक वेळा मागच्या त्रिकोणाच्या (मागचे चाक धरणाऱ्या, हलणाऱ्या भागाच्या) सांध्यांची, म्हणजे पिव्हटच्या बेअरिंगांची असतात. नवा फोर्क बसवून ती जाणार नाहीत. उलट पुढची बाजू भक्कम झाली की मागची ढिलाई अधिकच जाणवू लागेल.

खात्री करून घेणे सोपे आहे. एका हाताने सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) पक्की धरा आणि दुसऱ्या हाताने मागचे चाक वरच्या बाजूला धरून डावी-उजवीकडे हलवा. चाक एकटेच हलत असेल तर दोष हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात आहे. चाकाबरोबर मागचा त्रिकोणही हलत असेल तर दोष पिव्हटमध्ये आहे. त्यानंतर सॅडल धरून सायकल जराशी उचला आणि टेकवा, आणि हे करताना दुसऱ्या हाताचे बोट मागचे धक्के झेलणाऱ्या शॉकच्या टोकाशी असे ठेवा की अर्धे बोट शॉकवर आणि अर्धे फ्रेमवर राहील. तिथे बारीकसा ठोका बोटाला लागला तर शॉकचे बुशिंग (बोल्टभोवतीची छोटी नळी) झिजले आहे असे समजावे. बुशिंग वेगळे बदलता येते. त्यासाठी शॉक बदलावा लागत नाही.

उघडण्यापूर्वी सायकल स्वच्छ धुऊन कोरडी करा आणि फ्रेम उजेडात नीट पाहा. वेल्डिंगच्या कडा, बॉटम ब्रॅकेटमागचा (पेडलच्या आसाच्या जागेमागचा) चेनस्टेचा, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीचा जोड, शॉक जिथे फ्रेमला धरलेला असतो ती जागा आणि सीट ट्यूबचे वरचे टोक या ठिकाणी रंगावर केसासारखी रेघ दिसली तर नख फिरवून पाहा. नख अडकले आणि रंग खरवडल्यावरही रेघ तशीच राहिली, तर ती भेग आहे आणि काम तिथेच थांबवावे. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला केवळ वेल्डिंग करून भागत नाही, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने आसपासच्या धातूचा कस जातो आणि तो परत आणायला पूर्ण फ्रेमवर उष्णतेची ठरावीक प्रक्रिया करावी लागते.

फ्रेम धड असेल तर पुढे जा. शॉकमधली हवा पूर्ण सोडा, तो काढून ठेवा आणि मग एकेक पिव्हट उघडा. मी पुठ्ठ्यावर फ्रेमची ढोबळ आकृती काढतो आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या वॉशर-स्पेसरसह आकृतीतल्या त्याच्याच जागी टोचून ठेवतो. एक मिलिमीटर जाडीचा वॉशर उलट बाजूला गेला तरी लिंक (दोन सांधे जोडणारा तुकडा) वाकडी बसते, आणि ही चूक नंतर शोधताना दिवस जातो.

बोल्ट निघाला की बेअरिंगच्या आतल्या कड्यात बोट घालून ते सावकाश फिरवा. चांगले बेअरिंग मधासारखे एकसारखे फिरते. खराब झालेले दर काही अंशांवर अडखळते, जणू आतल्या छर्ऱ्यांनी स्वतःसाठी खळगे करून घेतले आहेत; आणि खरोखर तसेच झालेले असते. चाकाचे बेअरिंग गरगर फिरते, पण पिव्हटचे बेअरिंग आयुष्यभर काही अंशच पुढे-मागे होते, त्यामुळे तेच छर्रे त्याच जागी भार सोसत राहतात आणि ग्रीस इकडून तिकडे पसरत नाही. म्हणूनच या जागेसाठी छर्ऱ्यांना अंतरावर धरणारा पिंजरा नसलेली, जास्त छर्ऱ्यांची बेअरिंग मिळतात. शक्य असेल तर तीच घ्यावीत. माप सीलवर कोरलेले असते. उदाहरणार्थ, ६९०२ म्हणजे आतला व्यास १५, बाहेरचा २८ आणि जाडी ७ मिलिमीटर. पुढे २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील आहे.

नवे बेअरिंग हातोडीने ठोकू नये. लांब आट्याचा रॉड, दोन नट, जाड वॉशर आणि योग्य मापाचे सॉकेट एवढ्यावर घरच्या घरी उत्तम प्रेस तयार होतो. सॉकेट असे निवडा की त्याची कड बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावरच टेकेल. दाब आतल्या कड्यावर आला तर तो छर्ऱ्यांमधून जातो आणि नवे बेअरिंग बसवतानाच खराब होते. बेअरिंग तासभर फ्रीझरमध्ये ठेवले आणि लिंक हेअर ड्रायरने कोमट केली तर काम सोपे होते. बसवण्यापूर्वी सील पात्याच्या टोकाने हलकेच उचलून आत पाण्याला दाद न देणारे ग्रीस पूर्ण भरा. वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये इतके ग्रीस चालत नाही, पण इथे वेगच नसल्यामुळे ते फायद्याचे ठरते. बाहेरच्या बाजूलाही ग्रीसचा पातळ थर द्या, म्हणजे पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये गंज धरून बेअरिंग पुढच्या वेळी अडकणार नाही. जुने बेअरिंग काढताना फक्त आतले कडे हातात आले आणि बाहेरचे जागेवरच राहिले, तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. त्याने बेअरिंगची बैठक ओरखडते. अशा वेळी आतून पसरणारा पुलर असलेल्या कारागिराकडे ती लिंक न्यावी.

बोल्टच्या आट्यांना मध्यम ताकदीचे, सहसा निळ्या रंगाचे थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा द्रव) लावा आणि फ्रेमच्या निर्मात्याने दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे आवळण्याच्या जोरावर, टॉर्क पान्यानेच आवळा. सगळे बसल्यावर शॉक न लावता मागचा त्रिकोण उचलून सोडा. तो कुठेही न अडकता आपल्या वजनाने संथपणे खाली आला पाहिजे. तो क्षण मला या सगळ्या कामात सर्वांत प्रिय आहे.

प्रश्न : मागचा शॉक तेल गळतो. त्याच लांबीचा पण जास्त स्ट्रोकचा (अधिक दबणारा) शॉक बसवल्यास मागचे ट्रॅव्हल, म्हणजे चाक वर-खाली होण्याचे अंतर, वाढेल का?

उत्तर : आकड्यांत वाढेल, पण बहुधा सायकलच्या जिवावर वाढेल. शॉक दोन मापांनी ओळखतात: दोन्ही टोकांच्या छिद्रांमधले अंतर आणि स्ट्रोक. जुन्या फ्रेममध्ये ही मापे इंचांवर बेतलेली असत, जसे २०० बाय ५१ किंवा २१६ बाय ६३ मिलिमीटर. २०१६ पासून २१० बाय ५५, २३० बाय ६५ अशी मेट्रिक मापे आली, आणि ती जुन्या फ्रेममध्ये सहसा बसत नाहीत. निर्मात्याने स्ट्रोक ठरवताना मागचे टायर सीट ट्यूबला आणि लिंक फ्रेमला लागणार नाही याचा हिशेब केलेला असतो. त्यामुळे आहे तेच माप घ्या. टोकांच्या बुशिंगची रुंदी आणि बोल्टचा व्यासही मोजून घ्या, कारण ते फ्रेमगणिक बदलतात.

मात्र नवा घेण्याआधी जुन्याची सर्व्हिस होते का पाहा. हवेच्या कप्प्याचे सील घरी बदलता येतात. रॉकशॉक्ससारखे निर्माते हे काम दर ५० तासांच्या वापरानंतर आणि डॅम्परचे (हालचाल तेलाने संथ करणाऱ्या भागाचे) काम २०० तासांनंतर करायला सांगतात. तेल डॅम्परमधून गळत असेल तर ते काम घरचे नाही, कारण तिथे अनेकदा जास्त दाबाचा नायट्रोजन भरलेला असतो. एक धोका ठळकपणे सांगतो. हवा सोडल्यावरही शॉक दबलेलाच राहिला आणि उघडत नसेल, तर आत हवा कोंडलेली आहे. तो कोणत्याही परिस्थितीत स्वतः खोलू नका. त्याचे सुटे भाग गोळीसारखे उडतात.

बसवल्यावर आपल्या नेहमीच्या कपड्यांत आणि पाठीवरच्या पिशवीसह बसून सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने शॉक किती दबतो ते, मोजा. ५१ मिलिमीटर स्ट्रोकवर ३० टक्के म्हणजे सुमारे १५ मिलिमीटर. तिथून एकेक मिलिमीटर कमी-जास्त करत आपल्या पसंतीला या.

प्रश्न : माझी फ्रेम २६ इंची आणि १२० मिलिमीटर ट्रॅव्हलच्या फोर्कची आहे. २९ इंची चाके आणि १५० मिलिमीटरचा फोर्क बसवून ती आजच्या सायकलींसारखी करता येईल का?

उत्तर : नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. टायर ज्या कडेवर बसते तिचा व्यास २६ इंची रिमला ५५९ आणि २९ इंचीला ६२२ मिलिमीटर असतो, म्हणजे त्रिज्येतच साडेएकतीस मिलिमीटरचा फरक पडतो. मागचा त्रिकोण तेवढे टायर सामावून घेणार नाही; उभ्या सायकलीत ते घासले नाही तरी शॉक पूर्ण दबल्यावर सीट ट्यूबला लागेल. फोर्क सुमारे २० मिलिमीटरने लांब झाला की हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा कोन) साधारण एक अंशाने कलतो. थोडी वाढ उतारावर सुखाची वाटते, पण तेवढाच सीट अँगलही (सीटखालच्या नळीचा कोन) मागे झुकतो, बॉटम ब्रॅकेट उंचावतो आणि हेड ट्यूबच्या वेल्डिंगवर पडणारी तरफ वाढते. निर्मात्याने कमाल लांबी दिली असेल तर तिच्या पुढे जाऊ नका.

फोर्क घेताना स्टिअररही, म्हणजे हेड ट्यूबमधून वर जाणारी त्याची नळीही, पाहा. जुन्या अनेक फ्रेममध्ये तो वरपासून खालपर्यंत एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचा, म्हणजे २८.६ मिलिमीटरचा सरळ असतो. आजचे बहुतेक फोर्क खाली दीड इंचापर्यंत रुंदावतात. हेड ट्यूब ४४ मिलिमीटरची असेल तर खाली बाहेरचा कप असलेला हेडसेट (स्टिअरर फिरवणाऱ्या बेअरिंगांचा संच) लावून असा फोर्क बसतो. त्याहून अरुंद असेल तर बसत नाही.

जुनी सायकल कमी खर्चात बदलून टाकणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत. रुंद हँडलबार, ४० ते ५० मिलिमीटरचा आखूड स्टेम (हँडलबार धरणारा तुकडा), ट्यूबलेस (आतल्या ट्यूबशिवायची) केलेली चाके, चांगली पकड देणारे टायर आणि ड्रॉपर सीटपोस्ट, म्हणजे चालवता चालवता सीट खाली-वर करणारा दांडा. आखूड स्टेमने बसण्याची जागा आखडते, तेव्हा फ्रेम आधीच लहान पडत असेल तर स्टेम जपून निवडावा. सीटपोस्टचा व्यास व्हर्निअरने मोजा, ३०.९ आणि ३१.६ डोळ्यांना सारखेच दिसतात.

प्रश्न : ब्रेकमध्ये कोणतेही ब्रेक ऑइल चालते का?

उत्तर : मुळीच नाही. शिमानो आणि मागुरा यांचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात, होप आणि हेझ यांचे डॉट द्रवावर (मोटारींच्या ब्रेकमधल्या प्रकारच्या). स्रॅमने दोन्ही प्रकार काढले आहेत. लिव्हरवरच्या झाकणावर काय छापले आहे तेच भरा, कारण चुकीच्या द्रवाने सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. डॉट द्रव रंगही खातो, म्हणून फ्रेमवर थेंब पडताच पाण्याने धुवा.

प्रश्न : पुढे तीन आणि मागे नऊ अशा गिअरऐवजी पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) बसवायची आहे. चढाला पुरेल का, आणि चेन किती लांब ठेवावी?

उत्तर : चढाला पुरेल. पुढे २२ आणि मागे ३४ दात या तुमच्या सर्वांत हलक्या गिअरचे गुणोत्तर ०.६५ येते, पुढे ३० आणि मागे ४६ यांचेही ०.६५ च येते. गमवावे लागेल ते वरच्या टोकाला. ४४ आणि ११ यांचे गुणोत्तर ४ होते, ते आता २.७३ होईल, म्हणजे मिनिटाला ८० फेऱ्यांनी पेडल मारल्यास ताशी सुमारे २७ किलोमीटर. डोंगरातल्या पायवाटेवर ते पुष्कळ आहे. डांबरी रस्त्याने लांब जाणाऱ्याने मात्र विचार करावा.

हा बदल आता सर्रास झाला आहे. २०१२ मध्ये स्रॅमचा एक बाय अकरा (पुढे एक, मागे अकरा चकत्यांचा) संच आला, तेव्हापासून माउंटन बाइकवरचा पुढचा डिरेलर (चेन चकत्यांवर सरकवणारा भाग) मागे पडत गेला. तुमच्या जुन्या फ्रीहबवर (मागच्या हबच्या चकत्या बसतात त्या भागावर) ११ दातांपासून सुरू होणारी दहा गिअरची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बसेल. १० दातांपासून सुरू होणाऱ्या बारा गिअरच्या कॅसेटला वेगळा फ्रीहब लागतो, म्हणून दहावर थांबणे शहाणपणाचे. शिफ्टर आणि मागचा डिरेलर एकाच कुळातले घ्या, कारण नऊ आणि दहा गिअरच्या शिफ्टरची केबल ओढण्याची मात्रा वेगळी असू शकते. चेनरिंग आलटून-पालटून अरुंद-रुंद दातांची आणि डिरेलर क्लचचा (चेन ताणलेली ठेवणारा) असावा, नाहीतर खडबडीत उतारावर चेन उतरते.

चेनच्या लांबीबाबत माझी चूक सांगतो. पहिल्यांदा मी शॉक पूर्ण उघडा असताना चेन मापून तोडली. स्टँडवर सगळे गिअर सुरेख पडले. पहिल्याच मोठ्या खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दबले, क्रँक (पेडलचा दांडा) आणि मागच्या आसामधले अंतर वाढले, चेन ताणली गेली, आणि डिरेलर त्याच्या हँगरसह (तो फ्रेमला धरणाऱ्या तुकड्यासह) मोडून चाकाच्या आऱ्यांत गेला. तेव्हापासून मी शॉकची हवा सोडून मागचा त्रिकोण पूर्ण वर दाबतो आणि दोन्हीकडच्या सर्वांत मोठ्या चकत्यांवरून, डिरेलरला वळसा न घालता, चेन गुंडाळतो. त्या लांबीत निर्मात्याने सांगितलेल्या कड्या वाढवतो, सहसा दोन, आणि मगच तोडतो. चेन बसवल्यावर हवा न भरताच सर्वांत मोठ्या गिअरवर त्रिकोण पुन्हा वर दाबून पाहा. डिरेलरचा पिंजरा पुढे ताणला गेला तरी त्यात थोडी हालचाल शिल्लक राहिली पाहिजे. ती राहिली असेल तर शॉकमध्ये हवा भरा.