पितळी भोवरे आणि पाचवा महिना

प्रश्न : काका, नमस्कार. धायरीला आमच्या घराच्या मागच्या खोलीत छोटा बेंच लेथ (रॉड फिरवत ठेवून कातायचं यंत्र) आहे. त्यावर मी पितळेचे भोवरे कातते आणि प्रदर्शनांत विकते. रॉड बोहरी आळीतून आणतो. भोवरा कातून झाला की लेथ चालू ठेवूनच पॉलिश पेपर मारते, आरशासारखा चकाकतो. सध्या मला पाचवा महिना आहे. सासूबाई म्हणतात, गरोदर बाईनं काही कापू-चिरू नये, मशीन झाकून ठेव. नवरा म्हणतो, पितळेच्या भांड्यांत आपल्या पिढ्या जेवल्या, काय होतंय? पण पितळेत शिसं असतं असं ऐकलं. खरं काय? दिवाळीच्या ऑर्डरी घेऊन बसले आहे. शिवाय आतापर्यंत जे काम केलं त्याचं काय?
– एक वाचक, धायरी

उत्तर : सासूबाईंचा निकाल बरोबर आहे, कारण चुकलंय. कापण्या-चिरण्याला माझी हरकत नाही, त्यातून उडतं त्याला आहे.

आधी नवरोबांचं. भांड्याचं पितळ वेगळं आणि तुमचा रॉड वेगळा. तांबट आळीत कोणालाही विचारा, ठोकून घडवायचा पत्रा मऊ लागतो. शिसं घातलेलं पितळ हातोडीखाली तडकतं. लेथसाठी मिळतो तो फ्री कटिंग ब्रास, म्हणजे सहज कातलं जाणारं पितळ, आणि त्यात मुद्दाम दोन ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास शिसं घातलेलं असतं. ते पितळेत विरघळत नाही, बारीक थेंबांसारखं विखरून बसतं. म्हणूनच टूल लावलं की कीस लांब गुंडाळत न येता भुरभुर पडतो आणि फिनिश छान येतं. भोसरीच्या टूलरूममध्ये आम्ही ह्याच गुणासाठी तो रॉड मागवायचो.

आता शिसं अंगात जातं कसं? पितळ कातताना शिशाची वाफ होत नाही, तेवढं तापतच नाही. मोठा कीस ट्रेमध्ये पडतो, तो कोणी गिळत नाही. तुमच्या कामातला खरा गुन्हेगार म्हणजे तो पॉलिश पेपर. त्याची पूड पिठीसारखी बारीक असते. ती हवेत राहते, नाकात जाते, बोटांच्या रेषांत बसते, आणि हेडस्टॉकवर, म्हणजे लेथच्या डोक्यावर, ठेवलेल्या चहाच्या कपाच्या काठावरही. (ठेवता ना? सगळे ठेवतात.) तीन टक्के शिसं धरलं तर एक मिलिग्रॅम पुडीत 30 मायक्रोग्रॅम शिसं झालं. एक मिलिग्रॅम म्हणजे साधारण साखरेच्या एखाद्या बारीक दाण्याचं वजन. आहारातून येणाऱ्या शिशासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं मूल होण्याच्या वयातल्या बायकांकरता दिवसाला 8.8 मायक्रोग्रॅमचा आकडा धरला आहे. पोटात गेलेलं सगळंच रक्तात उतरत नाही, आणि त्या आकड्यात सुरक्षेसाठी भरपूर जागाही सोडलेली आहे. तरी हिशेब कुठल्या बाजूला झुकतो ते दिसतंय. शिसं वारेतून (प्लासेंटातून) थेट बाळापर्यंत पोचतं, आणि वाढत्या मेंदूला चालेल असं त्याचं कुठलंही प्रमाण आजवर सापडलेलं नाही.

तेव्हा पॉलिशिंग, कानस, बफिंग आजपासून बंद. कातकामही बाळ होईपर्यंत बंद ठेवा असंच मी सांगेन. मास्क लावून थोडंसं चालेल का, असं मनात आलं असेल तर नाही. ऑर्डरीवाल्यांना आजच फोन करा. गिऱ्हाईक समजून घेतं, आणि न घेणारं गिऱ्हाईक गेलं तरी चालतं.

‘मग मी करतो’ असं नवरा म्हणेल. करू दे, पण त्याच कपड्यांत तो स्वयंपाकघरात आला तर काय उपयोग? पूड केसांत, बाह्यांत, चपलेच्या तळव्यात बसून घरभर फिरते. खोलीसाठी वेगळी चप्पल, वेगळा शर्ट, तो वेगळा धुवायचा, आणि आधी साबणानं हात मग घरचा दरवाजा. नुसता सॅनिटायझर शिसं काढत नाही. पॉलिशला एन-95 मास्क लावायचा, आणि चालत्या लेथवर हातमोजे मात्र कधीही घालायचे नाहीत. खोलीत झाडू किंवा हवेचा फवारा मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. घरच्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरमधून बारीक पूड मागच्या जाळीतून पुन्हा बाहेर येते. हे सगळं पुसणं-आवरणं नवरोबांकडे, तुम्ही दारात उभं राहून सूचना द्या.

आतापर्यंतच्या कामाचं उत्तर अंदाजानं देता येत नाही, तपासणीनं येतं. तुमच्या डॉक्टरांना कामाबद्दल मोकळेपणानं सांगा आणि रक्तातलं शिसं तपासायला सांगा. हिमोग्लोबिनच्या नेहमीच्या तपासणीत ते कळत नाही, वेगळं मागावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनानुसार रक्ताच्या डेसिलिटरला (100 मिलिलिटरला) 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायचं. तुमचा स्रोत माहीतच आहे, त्यामुळे त्याआधीच थांबवा. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण हाडांत बसलेलं वर्षानुवर्षं राहतं आणि गरोदरपणात हाडं झिजली की परत रक्तात येतं. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या कंटाळा न करता घ्या. लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढतं, रिकाम्या पोटीही तसंच. म्हणजे चतुर्थीच्या उपवासाला खोलीत जाऊन आवराआवर करणं दुप्पट वाईट.

कोणी ‘शरीरशुद्धी’ म्हणून भस्माची पुडी सुचवली तर हात जोडा. नागभस्म शिशापासूनच बनतं. आणि शिसं बाहेर काढणारी औषधं गरोदरपणात मनानं घ्यायची नसतात.

पुढे कधी सुरू करायचं? माझं मत, शिसं नसलेला सिलिकॉन ब्रास (शिशाऐवजी सिलिकॉन घातलेलं पितळ) मागवून. महाग पडतो, टूल जरा लवकर घासतं, पण मिळतो. विक्रेत्याकडून टेस्ट सर्टिफिकेट मागा. भंगारातला रॉड ‘चांगलाच आहे’ या शब्दावर घेऊ नका. पूड ओली ठेवायची असेल तर वेट अँड ड्राय पेपर (ओला करूनही चालणारा पॉलिश पेपर) पाण्यानं, पण भोवरा हातात घेऊन, लेथचा चक फिरत असताना नाही.

आणि मूल सहा-आठ महिन्यांचं झालं की रांगणार, फरशीवर हात टेकून तोच हात तोंडात घालणार. अंगावर पाजताना दुधातून जाणाऱ्या शिशापेक्षा मला त्या दिवसांची जास्त धास्ती वाटते. त्याआधी मागच्या खोलीच्या दाराला वर कडी बसवा, आणि तयार झालेले भोवरे बैठकीच्या खालच्या कप्प्यातून काढून वरच्या फळीवर ठेवा.