चार पानं तुमची, दोन ओळी त्याच्या

तासगावच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा बारावी सायन्सला, अकरावीत ७४ टक्के. ‘त्याला पायलट करायचं आम्ही ठरवलंय. एरोनॉटिकलच्या डोनेशनसाठी एकरभर द्राक्षबाग विकतोय. पण हा हेलिकॉप्टरचे व्हिडिओ बघत फालतू शंका काढत बसतो. पंखा फिरतो, हेलिकॉप्टर उडतं, त्यात शोधायचं काय राहिलंय?’ चौथ्या पानाच्या तळाशी वेगळ्या अक्षरात दोन ओळी आहेत: ‘सर, हेलिकॉप्टरचा वारा त्याच्याच शेपटीवर आपटला तर काय होतं?’

दादा, ७४ टक्क्यांची मला काळजी वाटत नाही. चार पानांत ‘आम्ही ठरवलंय’ इतक्या वेळा आलंय की मी मोजायचं सोडून दिलं. पोराला काय हवंय, हे मात्र कुठेच नाही. त्याला दोन ओळींची जागा मिळाली, तीही बहुधा तुमच्या नकळत. बाग विकल्याचं ओझं घेऊन अठराव्या वर्षी कॉलेजात गेलेली पोरं माझ्यासमोर येऊन बसतात. नापास झाल्याचंसुद्धा ती घरी सांगू शकत नाहीत. आणि एरोनॉटिकलची पदवी म्हणजे पायलटचा परवाना नव्हे, दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. बाग कशासाठी विकताय तेही तुम्हाला नीट माहीत नाही, असं मला स्पष्ट म्हणावं लागतंय.

आता त्या ‘फालतू’ शंकेकडे येतो. सभेला नेत्याचं हेलिकॉप्टर यायच्या आधी मैदानावर टँकरनं पाणी का मारतात, हे तुम्ही पाहिलंय. धूळ उडवणारा तोच वारा आधी हेलिकॉप्टरच्या स्वतःच्या अंगावर पडतो. एका जागी तरंगताना रोटर, म्हणजे वरचा फिरता पंखा, जेवढं उचलतो त्यातले साधारण ३ ते ५ टक्के या दाबातच जातात. ऑस्प्रेसारख्या, हेलिकॉप्टरगत सरळ वर उठणाऱ्या विमानात रोटरखाली रुंद पंख असतात, तिथे हा आकडा १० टक्क्यांच्या आसपास जातो. पुढे जायला लागलं की वारा मागे कलतो आणि एका ठरावीक वेगाला थेट शेपटीच्या आडव्या पंखावर येतो. शेपूट खाली, नाक वर! अपाचे या लढाऊ हेलिकॉप्टरच्या सुरुवातीच्या नमुन्यांत हा पंख शेपटीच्या माथ्यावर होता, पुढे तो खाली आणून हलता करावा लागला. ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरचा हाच पंख कमी वेगात आपोआप तिरका होतो. शिवाय पात्यांच्या टोकांपासून सुटणारे भोवरे धडावर आपटून हादरे देतात ते वेगळंच. हे भोवरे संगणकावर अचूक पकडणं आजही जड जातं. शोधायचं काय राहिलंय म्हणता, तर हे राहिलंय. पोरानं नेमकं त्यावरच बोट ठेवलंय.

वाट सांगायची तर सीईटी किंवा जेईई, सांगलीच्या वालचंदला मेकॅनिकल मिळालं तरी उत्तम, मग एमटेकसाठीची गेट परीक्षा देऊन आयआयटी कानपूर, पवई किंवा बेंगळुरूची आयआयएस्सी. हेलिकॉप्टरचं काम एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये चालतं. गणित मात्र आत्तापासून घट्ट हवं, ७४ मध्ये ते किती आहे ते मला कळवा.

बागेचा इसार घेतला असेल तर परत करा. आणि त्याला सांगा, स्वयंपाकघरातला वजनकाटा छताच्या पंख्याखाली ठेव. त्यावर एक पुठ्ठा आधी आडवा ठेव, मग तोच दुमडून उभा कर. दोन्ही वेळचे आकडे पंखा बंद आणि चालू असताना लिहून काढ. ते कागद त्यालाच पाकिटात घालू द्या, पत्ताही त्यालाच लिहू द्या.