आयटीआय इलेक्ट्रिशियन करून पुढे खरंच पैसे मिळतात का?

ताई, तुमच्या मुलाला दहावीला 61 टक्के पडलेत, त्याला आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचंय आणि घरातले म्हणतायत की त्यापेक्षा बीकॉम बरं, असं तुम्ही लिहिलंय. मी 2011 साली सरकारी आयटीआयमधून हाच ट्रेड केला. आज सांगली जिल्ह्यात स्वतः वायरिंगची कामं घेतो, हाताखाली तीन पोरं आहेत. म्हणून ऐकीव काही न सांगता माझाच हिशेब मांडतो.

सरकारी आयटीआयची फी इतकी कमी असते की आमच्या घरी तेव्हा फीपेक्षा एसटीच्या पासाची काळजी जास्त होती. खाजगी आयटीआयला मात्र चांगलेच पैसे मोजावे लागतात. तिथे प्रवेश घ्यायची वेळ आलीच तर आधी वर्कशॉप बघून या आणि दुसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठून विचारा: मोटार उघडून परत जोडायला मिळते का, स्टार्टरचं वायरिंग स्वतःच्या हाताने करता का, की नुसती जर्नलं भरून घेतात?

आयटीआयच्या दोन वर्षांनंतर वर्षभराची अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत काम शिकायचं वर्ष. मला महिन्याला अडीच हजारांच्या आसपास मिळायचे. 2019 च्या नियमांनी आयटीआय झालेल्या मुलासाठी किमान 7,000 रुपये ठरवून दिले. एवढ्यात पुण्यासारख्या ठिकाणी खोलीभाडं आणि मेस भागवताना नाकीनऊ येतात, घरून थोडी मदत लागतेच. तरी हे वर्ष त्याला सोडू देऊ नका. फॉल्ट कसा शोधायचा ते मी तिथे शिकलो, वर्गात नाही.

पुढची तीन वर्षं मात्र अवघड गेली. चाकणला एका ठेकेदाराकडून कंपनीत लागलो. बारा तासांची ड्युटी, हातात साडेआठ हजार. पीएफ कापला जायचा, पण ठेकेदाराने कित्येक महिने तो भरलाच नव्हता, हे मला नोकरी सोडताना कळलं. तुमचा मुलगा असा कुठे लागला तर दर महिन्याला मोबाइलवर पीएफचं पासबुक बघायची सवय त्याला पहिल्या दिवसापासून लावा.

याच काळात माझ्या वर्गातला एक मित्र बीकॉम झाला. 2014 ला तो अकाउंट्समध्ये नऊ हजारांवर लागला. म्हणजे पगार जवळपास सारखाच. फरक इतकाच की तोवर मी दोन वर्षं कमावत होतो आणि त्याचं शिक्षण घरच्यांच्या खिशातून चाललं होतं. त्याने पुढे जीएसटीचं काम मन लावून शिकून घेतलं, आज त्याचंही चांगलं चाललंय. तेव्हा बीकॉम वाईट असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या मुलाला स्वतःला वायरिंगचं काम आवडतंय, ही फार मोठी गोष्ट आहे.

आता मुख्य मुद्दा. आयटीआयचं प्रमाणपत्र तुम्हाला कंपनीच्या गेटच्या आत नेतं, पण पैसा परवान्याने मिळतो. कायद्याने विजेच्या जोडणीचं काम परवानाधारक ठेकेदारानेच, परवाना असलेल्या माणसांकडून, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचं असतं. महाराष्ट्रात हे परवाने अनुज्ञापक मंडळ देतं. आधी तारतंत्री म्हणजे वायरमन, मग अनुभव जमला की पर्यवेक्षक, त्यानंतर ठेकेदार. नव्या घराला महावितरणचं कनेक्शन घ्यायचं तर अर्जासोबत टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा दाखला, लागतो आणि त्यावर परवानाधारक ठेकेदाराची सही लागते. माझ्याबरोबरची निम्मी पोरं अजून दुसऱ्याच्या हाताखाली रोजाने जातात. काम त्यांना माझ्याइतकंच येतं, काहींना जास्तच येतं. पण अनुभवाचे दाखले गोळा करायचे, अर्ज करायचे, हे त्यांनी उद्यावर टाकलं. मला त्यांच्यासाठी खरंच वाईट वाटतं.

याचा पैशात फरक किती? मी सध्या घराच्या वायरिंगला एका पॉइंटमागे, म्हणजे एका दिव्याच्या, पंख्याच्या किंवा प्लगच्या जोडणीमागे, 200 रुपये मजुरी घेतो, माल मालकाचा. साध्या दोन बेडरूमच्या घरात 70 पॉइंट सहज होतात, म्हणजे 14,000 रुपये. स्लॅबमधले पाइप टाकणं, पाइपसाठी भिंतीला झिऱ्या म्हणजे खाचा मारणं, वायर ओढणं, बोर्ड भरणं, सगळं धरून दोन माणसांचे आठ-नऊ दिवस जातात, तेही सलग नाही, गवंड्याच्या सोयीने. पोरांचा रोज वजा जाता मला त्यातले पाच-सहा हजार उरतात. एका वेळी तीन-चार साइट चालू असल्या तर महिना चांगला जातो. पावसाळ्यात बांधकामं थंडावतात, तेव्हा दुरुस्तीवर आणि शेतातल्या मोटारींवर भागवावं लागतं.

गेल्या काही वर्षांत सोलरने मोठा हात दिला. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, घराच्या छतावरच्या 3 किलोवॅटच्या सोलरला 78,000 रुपये अनुदान मिळतं. पॅनेल बसवणाऱ्या कंपन्यांना इन्व्हर्टरची जोडणी आणि अर्थिंग नीट करणारा माणूस लागतो, आणि तो गावागावांत मिळत नाही. तुमचा मुलगा तयार होईल तेव्हा सोलर त्याला यायलाच हवं.

सरकारी नोकरीचं बऱ्याच जणांच्या मनात असतं. महावितरणने 2023 मध्ये 5,347 विद्युत सहाय्यकांची जाहिरात काढली होती. पात्रता दहावी आणि आयटीआय, पहिली तीन वर्षं कंत्राटी, मानधन 15, 16 आणि 17 हजार, त्यानंतर तंत्रज्ञ म्हणून कायम. लागला तर उत्तम, पण जाहिरातीची वाट बघत पोरगं चार वर्षं घरी बसलेलं मी पाहिलंय. अर्ज भरावा आणि काम चालू ठेवावं.

एक गोष्ट आई म्हणून तुम्हाला सांगायलाच हवी. या कामात जीव जातो. लाइन बंद आहे असं कुणी फोनवर सांगितलं म्हणून खांबावर चढलेला आमच्या भागातला एक मुलगा परत आला नाही. स्वतः टेस्टर लावून बघितल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही, हे त्याच्या अंगात भिनेपर्यंत सांगत राहा. विम्याचा हप्ता मी दरवर्षी सगळ्यात आधी भरतो, माझाही आणि पोरांचाही.

पुढे शिकायची दारं बंद होतात ही तुमच्या दिरांची भीती मात्र खरी नाही. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. माझ्या बॅचचे दोघे तसे डिप्लोमा होऊन आज कंपनीत इंजिनिअर आहेत.

आता अर्जाचं. सरकारी आयटीआयत इलेक्ट्रिशियनची गुणवत्ता यादी वर जाते, 61 टक्क्यांना जवळच्या शहरात नंबर लागेलच असं नाही. म्हणून अर्जात फक्त वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन टाकून थांबू नका, तारतंत्री म्हणजे वायरमनचा ट्रेडही टाका. महावितरणच्या भरतीला तोही चालतो आणि परवान्यालाही. तालुक्याच्या ठिकाणची सरकारी आयटीआय थोडी लांब पडली तरी पसंतीक्रमात खाजगीच्या वर ठेवा. आणि यादी लागेपर्यंतच्या सुट्टीत त्याला ओळखीच्या एखाद्या वायरमनबरोबर पंधरा दिवस साइटवर पाठवा. उन्हात झिऱ्या मारूनही दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून उठून गेला, तर घरातल्यांना तुम्हाला वेगळं काही सांगावं लागणार नाही.