सवय होईल, असं त्याला म्हणू नका

दादा, पत्र दोनदा वाचलं. बारावीला ५८ टक्के पडलेत, पोरगं काकांच्या स्टुडिओतर्फे मयताचे फोटो काढायला आणि परदेशातल्या नातेवाईकांसाठी लाईव्ह करायला जातंय, पैसे बरे मिळतात, तर हेच करू द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. पण मी अडकलोय ते शेवटच्या ओळीत. 'एका लहान मुलीच्या मयतीवरनं आल्यापासनं तीन आठवडे गप बसतोय, नीट जेवत नाही, मी म्हटलं पुरुषासारखा रहा, होईल सवय.'

दादा, हे बोलायला नको होतं तुम्ही.

कॅमेरा मध्ये असला की दुःख भिडत नाही, असा सगळ्यांचा समज असतो आणि तो साफ चुकीचा आहे. कोल्हापुरात पंचगंगेवर शेणी रचून अंत्यसंस्कार होतात, धूर असतो, तेव्हा त्याचं डोकं फोकसमध्ये, उजेडात, कुणाच्या पायात येऊ नये यात गुंतलेलं असतं, म्हणून ते निभावतं. जड जातं ते रात्री एडिटिंगला. पन्नास फोटो द्यायला पाचशे बघायचे, त्या आईचा चेहरा झूम करून डोळे शार्प आलेत का तपासायचं, परत पुढचा फोटो, परत तीच आई. घरची माणसं रक्षाविसर्जन करतात, एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात, भावकी येऊन बसते. हा मात्र स्क्रीनसमोर एकटा, आणि घरचा नाही म्हणून रडायचीही चोरी.

काम वाईट नाही हो. दुबईत अडकलेल्या पोराला बापाचं शेवटचं तोंड बघायला मिळतं ते अशाच कुणामुळं. पण १८-१९ वर्षांच्या पोरानं एकट्यानं ओढायचं हे काम नाही, आणि बुकिंग तुम्हीच घेताय हे पत्रातनं कळतंय, तर ती आधी बंद करा. एक-दोन महिने तरी. पुढं त्याला स्वतःला करायचं असेल तर एडिटिंग दिवसा, शेजारी कुणीतरी हवं, आणि लहान मुलाचं काम आलं तर नाही म्हणायची मुभा त्याला पाहिजे.

तीन आठवडे म्हणजे डॉक्टरांना दाखवायलाच हवं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

कोर्सचं म्हणाल तर सीईटी देऊन बीएफए, म्हणजे कलेची पदवी आहे, पदवीनंतर पुण्याला एफटीआयआय ही फिल्म इन्स्टिट्यूट आहे. ते पुढच्या वर्षी बघू.

आज रात्री त्याच्याशेजारी जेवायला बसा. त्या मुलीबद्दल विचारा, आणि नाहीच बोलला तर उठून जाऊ नका.