क्षितिज, होरायझन आणि होरा

व्युत्पत्तीच्या नादाला नव्याने लागला आहात, म्हणून आधीच सांगतो: आवाज जुळला की लगेच नातं जुळवू नका. इंग्रजी ‘होरायझन’ (म्हणजे क्षितिज) आणि आपला ज्योतिषातला ‘होरा’ भाऊभाऊ वाटतात ना? दोघेही ग्रीकच, पण मुळं वेगळी. होरा आला काळ, घटका सांगणाऱ्या शब्दावरून; होरायझन ‘होरोस’वरून, म्हणजे शीव, हद्द. (होरा म्हणजे ‘अहोरात्र’ची पुढची-मागची अक्षरं गाळून उरलेला शब्द, हे काहींचं मत जुना ज्योतिषी वराहमिहिर यानेही नोंदवलंय. गंमत म्हणून वाचा.)

‘क्षितिज’ फोडा: क्षिती म्हणजे पृथ्वी, ज म्हणजे जन्मलेला. कोशात मंगळ आणि झाड हेही अर्थ दिसतील, चक्रावू नका. आर्यभटाने ‘आर्यभटीया’च्या गोलपादात, म्हणजे खगोलावरच्या भागात, क्षितिज सांगितलं ते तारे जिथे उगवतात-मावळतात ते वर्तुळ म्हणून. ग्रीकांचंही वर्तुळच. ‘रेषा’ आपण मागाहून चिकटवली.

जपानी मात्र जरूर पाहा: जमिनीवरचं क्षितिज ‘चिहेइसेन’, समुद्रावरचं ‘सुइहेइसेन’. अरबीत ‘उफुक’, अनेकवचन ‘आफाक’. उर्दूत दोन्ही चालतात.

आणि संस्कृत शब्द असेल तर आपट्यांचा संस्कृत कोश आधी उघडा, मोल्सवर्थचा मराठी कोश नंतर.