नातीच्या निबंधातला भात

एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं वगळून त्यातला मुख्य भाग देते.

'ताई, मी सातारा जिल्ह्यातला, सैन्यातला माजी हवालदार, वय ६०. ऑक्टोबर १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलो आणि मार्च १९९० मध्ये शेवटच्या जहाजांतून परत आलो. रायफल कंपनीत होतो. पण घरी कुणी विचारलं की सांगायचो, "मी लंगरला होतो, भात शिजवायचो." म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत. बायकोलाही हेच माहीत आहे. मागच्या महिन्यात सहावीतल्या नातीने शाळेत "माझे आजोबा" हा निबंध वाचला. "माझे आजोबा सैन्यात जवानांसाठी भात शिजवायचे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या रात्री झोप लागली नाही. आता सरपंच म्हणतात, १५ ऑगस्टला पदकं लावून झेंडावंदनाला या. लढताना माझ्या शेजारी असलेला गडी जाफन्यात, म्हणजे श्रीलंकेच्या उत्तरेतल्या तमिळ शहरात, मारला गेला. त्याच्या जिवावर मी छाती पुढे काढू का? आणि इतक्या वर्षांनी खरं सांगितलं, तर म्हातारा मिरवतोय असंच म्हणतील ना?'

दादा,

गावात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला 'मेजर' म्हणतात आणि ते ऐकलं की तुमची मान खाली जाते, असं तुम्ही पुढे लिहिलंय. म्हणून मी दादाच म्हणते.

पत्र वाचल्यापासून तुमची नात डोळ्यांसमोरून हलत नाही. तिच्या हाती तुम्ही फक्त भाताचं पातेलं दिलंत आणि तेवढ्यावर ती पोर वर्गासमोर ताठ उभी राहिली. लंगरातल्या जवानांना मी अजिबात कमी लेखत नाही. गोळीबार चालू असताना पुढच्या ठाण्यापर्यंत जेवण पोचवणारीही माणसंच होती. पण ते काम तुमचं नव्हतं. घरात तुमच्याबद्दल अभिमान आहेच, दादा. त्याला अजून खरा माणूस भेटलेला नाही, एवढंच.

हे खोटं तुम्ही इतकी वर्षं का जपलंत ते मला कळतं. ते तुम्ही एकट्याने रचलेलं नाही, त्यात आमचाही हात आहे. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत भारत आणि श्रीलंकेत करार झाला आणि 'शांती सेना' म्हणून तुम्हा लोकांना पाठवलं. सुरुवातीला जाफन्यात जवानांच्या गळ्यात हार पडले. ऑक्टोबरात त्याच गल्ल्यांमध्ये वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या 'तमिळ वाघां'चे (एलटीटीई) सुरुंग आणि गोळ्या आल्या. तुम्ही उतरलात तेव्हा हारांचे दिवस संपले होते. अडीच वर्षांत अकराशेहून अधिक जवान तिथे मारले गेले. मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मलेले, ८ महारचे. २५ नोव्हेंबर १९८७ ला छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावली. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. आपल्या गावांतल्या किती जणांना हे नाव माहीत आहे? आणि २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी मायदेशी निघाली, तेव्हा मद्रासला स्वागतासाठी तमिळनाडूचे त्या वेळचे मुख्यमंत्री आलेच नाहीत. ज्या मोहिमेचं नाव काढलं की पुढारी मान फिरवायचे, तिच्यातून आलेल्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोराने गावच्या पारावर काय सांगायचं होतं? 'भात शिजवायचो' हे उत्तर सुटसुटीत होतं. १९९९ मध्ये कारगिल घराघरांतल्या टीव्हीवर दिसलं आणि 'युद्ध' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तेच येऊ लागलं. तुमचं युद्ध आणखी मागे पडलं.

तुम्ही लिहिलंय, 'ती मोहीमच चुकली असं सगळे म्हणतात, मग अभिमान कशाचा?' मोहिमेचा हिशेब दिल्लीत मांडायचा, तो तुमच्या खात्यावर लावू नका. तुमच्या खात्यावर वेगळ्या गोष्टी आहेत. हुकूम आला तेव्हा तुम्ही गेलात. सोबत्यांना सोडून पळाला नाहीत. आणि पत्राच्या चौथ्या पानावर, जणू काही विशेष नाही अशा ओळीत लिहिलंय, की जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन रात्रभर चिखलातून चाललात. तो जगला. आज त्याला तीन नातवंडं आहेत आणि दर दिवाळीला त्याचा फोन येतो. याला अभिमान म्हणायचं नसेल तर काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

एक अवघड गोष्टही बोलायला हवी, कारण तुम्ही तिच्या कडेकडेने लिहून गेलात. जाफन्यात साधी माणसंही मेली, बायका-मुलंही. त्यातलं काही तुम्ही पाहिलं असणार आणि काही मनातून जात नसणार. अभिमान वाटायला सगळंच अभिमानाचं असावं लागत नाही. जे बरोबर वाटलं नाही, ते तसंच सांगा. उलट ते दडवलं की चांगलंही सांगवत नाही, दोन्ही एकाच ट्रंकेत पडून राहतं. तुमचं नेमकं हेच झालंय असं मला वाटतं.

माझे मामा १९६२ च्या चीन युद्धात नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात होते. आमच्या आजोळी कॅनव्हासचे बूट आणायला बंदी होती. एकदा माझा मावसभाऊ शाळेच्या खेळांसाठी तसले बूट घालून आला, तर मामांनी एक शब्दही न बोलता ते त्याच्या पायातून काढले आणि कोनाड्यात ठेवले. आम्ही पोरं त्यांना विक्षिप्त समजायचो. ते गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी मी वाचलं, की त्या बर्फात आपल्या जवानांच्या पायांत कॅनव्हासचे बूट होते. मामा हरलेल्या लढाईतून आले होते, त्यामुळे त्यांना कुणी काही विचारलं नाही आणि तेही बोलले नाहीत. मी त्यांच्या ओसरीवर उन्हाळ्याच्या सुट्ट्याच्या सुट्ट्या काढल्या. एकदा नुसतं विचारायचं होतं, 'मामा, पाय दुखतात का हो?' ते राहिलं, आणि दर थंडीला आठवतं. तुमच्या नातीला उद्या असं काही आठवत राहू नये, म्हणून एवढं आग्रहाने लिहितेय.

आता जाफन्यात गमावलेल्या सोबत्याचं. 'त्याच्या जिवावर मी छाती पुढे काढू का?' या प्रश्नापाशी मी खूप वेळ थांबले. इतकी वर्षं तुम्ही गप्प राहिलात, त्यात त्याचा काय फायदा झाला? तुम्ही 'भात शिजवायचो' म्हणता तेव्हा तुमच्याबरोबर तोही पुसला जातो. लंगरातल्या माणसाच्या शेजारी, रायफल घेऊन, तो कसा असेल? तुमची गोष्ट खोटी झाली की त्याला उभं राहायला जागाच उरत नाही. म्हणून सुरुवात त्याच्या नावापासून करा. तो कुठल्या गावचा, काय गुणगुणायचा, कशावरून चिडायचा. दिल्लीत राष्ट्रीय समर स्मारक आहे, २०१९ मध्ये खुलं झालं. तिथे त्यागचक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटमध्ये शहिदांची नावं कोरली आहेत, तुमच्या मोहिमेतलीही. कोलंबोजवळ, श्रीलंकेच्या संसदेपासून जवळच शांती सेनेचं स्मारक आहे. २०१५ ला पंतप्रधान मोदी तिथे पुष्पचक्र वाहून आले. ज्या देशाने 'परत जा' म्हटलं होतं, त्याच्या मातीवर आपल्या पोरांची नावं दगडात आहेत. तुमच्या घरात मात्र त्याचं नाव अजून कुणी ऐकलेलं नाही.

सगळ्यात आधी वहिनींना सांगा. गावाच्या, शाळेच्या, सगळ्यांच्या आधी. त्यांनी तुमच्याबरोबर संसार केलाय. रात्री तुम्ही दचकून उठता ते त्यांनी पाहिलं नसेल असं समजू नका. त्या रागावतील. 'इतकी वर्षं माझ्याशी खोटं बोललात?' असं म्हणतील, आणि तो राग ऐकून घ्यावा लागेल. लगेच समजावत बसू नका.

मग नात. तिला लढाईचं वर्णन नको, ती सहावीत आहे. ट्रंक काढा आणि पदकं तिच्या हातावर ठेवा. विशेष सेवा पदकाच्या फितीवर 'श्रीलंका' लिहिलेली पट्टी असेल, ती तिलाच वाचू द्या. आपण खोटं सांगितलं आणि का सांगितलं, हे दोन वाक्यांत कबूल करा. पोरं मोठ्यांपेक्षा लवकर माफ करतात. फीत विटली असेल तर नवी कुठे मिळेल ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. तिथे बसणारे बहुतेक तुमच्यासारखेच माजी सैनिक असतात, त्यांच्याशी बोलायला जड जाणार नाही. आणि बोलायला लागल्यावर झोप आणखी उडाली, जुनं सारखं वर येऊ लागलं, तर १४४१६ ही सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, फोन मराठीतही करता येतो. त्यात कमीपणा नाही. गुडघा दुखला तर माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकला जाताच ना.

झेंडावंदनाचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे. पदकं डाव्या छातीवर लावायची, हे तुम्हाला मी काय सांगणार! ती लावली म्हणून कुणी मिरवतोय म्हणालं, तर म्हणू दे. जो पस्तीस-छत्तीस वर्षं स्वतःला आचारी म्हणवून घेतो, त्याच्यावर हा आरोप टिकायचा नाही. भाषण करायला सांगितलं तर सोबत्याचं नाव आणि गाव सांगून खाली बसलात तरी पुरे. यंदा नाही जमलं तर १४ जानेवारीला माजी सैनिक दिन असतो, त्यालाही जाता येईल. पण वहिनींशी बोलणं पुढच्या वर्षावर ढकलू नका.

१५ ऑगस्टनंतर कळवा. गेला नाहीत तरी कळवा. आणि त्या सोबत्याबद्दल लिहावंसं वाटलं तर मला लिहा, कितीही पानं झाली तरी चालतील.

तुमची,
ताई