जी मुलं डिसेंबरात वर्गात नव्हती

प्रश्न : ताई, बीड जिल्ह्यात आमची लहानशी संस्था आहे. आठवी ते दहावीच्या मुलामुलींबरोबर आम्ही वर्षाला १२ सत्रं घेतो. शरीर, पाळी, संमती, ताण, मोबाइलवरचे धोके असे विषय असतात. बहुतेकांचे आईवडील ऊसतोडीला जातात. जुलैत १४० मुलांची पूर्वचाचणी घेतली, सरासरी २० पैकी ८ गुण आले. डिसेंबरातल्या उत्तरचाचणीत सरासरी १४. देणगीदार खूश आहेत, आलेख छापायचा म्हणतात. मला मात्र तो आलेख बघून बरं वाटत नाही. कुठे चुकतंय?
– एक कार्यकर्ती

उत्तर : तुमच्या पत्रात एक आकडा नव्हता, म्हणून मी उलट पत्र टाकून विचारलं, की डिसेंबरात चाचणीला किती मुलं बसली? उत्तर आलं, ९१.

उरलेली ४९ कुठे गेली हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. दिवाळीच्या सुमाराला ट्रॅक्टर भरले. कुणी आईबापांबरोबर सांगली-कोल्हापूरकडे कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत राहायला गेलं, कुणी धाकट्या भावंडांना सांभाळायला. वयात आलेल्या मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं, म्हणून एखादीचं लग्नही उरकलं असेल. तुमचा कार्यक्रम ज्यांच्यासाठी आहे ती ही मुलं, आणि आलेखात नेमकी तीच नाहीत.

आता त्या ९१ जणांचेच जुलैचे कागद वेगळे काढा आणि सरासरी करा. जी मुलं टिकतात ती बहुधा आधीच बरी वाचणारी, रोज शाळेत येणारी असतात. समजा, जुलैतच त्यांची सरासरी ११ होती. मग वाढ ६ गुणांची नाही, ३ गुणांची. आलेख छापायचाच तर हा छापा, आणि त्याखाली ४९ हा आकडा तेवढ्याच मोठ्या अक्षरात. देणगीदार नाराज होतील असं वाटतं ना? मी तीनदा असं केलं. दोघांनी पुढच्या वर्षी पैसे दिले, एकाने दिले नाहीत.

दुसरी गोष्ट गुणांचीच. टांझानियातल्या म्वांझा भागात २० वस्त्या घेऊन मोठा प्रयोग झाला, ‘मेमा क्वा विजाना’ नावाचा. निम्म्या वस्त्यांमध्ये शाळेत लैंगिक शिक्षण दिलं, दवाखान्यातल्या लोकांना तरुणांशी नीट वागायला शिकवलं. मुलांची माहिती वाढली आणि काही वर्षांनी तपासलं तेव्हाही बरीचशी टिकून होती. पण रक्त तपासलं, तर एचआयव्ही आणि नागिणीच्या जातीच्या गुप्तरोगाचं प्रमाण दोन्हीकडच्या वस्त्यांत जवळपास सारखंच. प्रश्नपत्रिकेवरच थांबले असते, तर कार्यक्रम गाजला असता. तुम्ही रक्त तपासावं असं मी म्हणत नाही. गुण हे पहिलं पाऊल आहे, त्याला परिणाम म्हणू नका, एवढंच.

मग बघायचं काय? मी सगळ्यात जास्त विश्वास चिठ्ठ्यांच्या पेटीवर ठेवते. पत्र्याचा डबा, वर चीर, नाव लिहायचं नाही. पहिल्या सत्राच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. त्यात हमखास ‘हाताने केल्यावर अशक्तपणा येतो का’, ‘पाळीत लोणच्याला हात लावला तर’ असले प्रश्न निघतात. नवव्या-दहाव्या सत्राला पुन्हा डबा उघडा. एका वसतिगृहात मला शेवटी चिठ्ठी मिळाली होती : ‘आतेभाऊ फोटो मागतो. नाही म्हटलं तर घरी सांगीन म्हणतो. कुणाला सांगू?’ त्या मुलीला चाचणीत किती गुण होते, मी बघितलंही नाही. प्रश्न माहितीवरून मदतीकडे वळतात तेव्हा काहीतरी घडतंय असं समजावं. तुमच्याकडच्या ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांचं ‘मैत्री’ क्लिनिक चालू असेल, तर तिथल्या रजिस्टरात शाळेतून किती जण पोचले तेही मोजा. (आधी क्लिनिक उघडं असतं का ते बघा. बंद दाराकडे मुलं पाठवली तर तो दोष सत्रांचा नव्हे.)

नाजूक प्रश्न समोरासमोर विचारू नका, बाईंना आवडेल तेच उत्तर येतं. आपल्याकडे कर्नाटकात एचआयव्हीच्या कामात मतदानासारखी पद्धत वापरली गेली. प्रत्येक जण पडद्याआड, प्रश्न मोठ्याने वाचायचा, ‘हो’ किंवा ‘नाही’च्या डब्यात चिठ्ठी टाकायची. कुणी काय टाकलं कळत नाही, गटाचा आकडा कळतो. तोंडी मुलाखतीत जे लपतं ते अशा पेटीत जास्त उघड होतं.

एक पोटप्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगते. सत्रं कोण घेतं? बिहारच्या नालंदा जिल्ह्यात गोव्याच्या ‘संगथ’ या संस्थेने ७४ शाळांत ‘सेहेर’ नावाचा प्रयोग केला. तोच कार्यक्रम काही शाळांत बाहेरून नेमलेल्या समुपदेशकांनी राबवला, काही शाळांत तिथल्याच शिक्षकांनी. ते समुपदेशक काही मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. त्यांच्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्य आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत काहीच हललं नाही. २०१८ साली हे निष्कर्ष आले. शिक्षक वाईट असा याचा अर्थ नाही. ज्याच्या हातात हजेरी आणि छडी, त्याला मुलं मनातलं सांगत नाहीत. म्हणून तुमच्या अहवालात सत्र घेणाऱ्याप्रमाणे आकडे वेगळे लिहा.

आणि ती ४९? पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, की एप्रिल-मेमध्ये परततील. घरोघर जा. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून निरोप पाठवू नका, गावभर होईल. बोलायला बसण्याआधी मुलांना एक गोष्ट सांगा : ‘तुझं बोलणं माझ्यापाशी राहील, पण कुणी तुझ्यावर लैंगिक अत्याचार केला असेल तर मला ते कळवावंच लागेल.’ २०१२ च्या पोक्सो कायद्याने ही जबाबदारी आपल्यावर आहे. सगळं गुपित ठेवण्याचं वचन देऊन मग पोलिसांत गेलात, तर ती मुलगी आयुष्यात पुन्हा कुणाला काही सांगणार नाही.

प्रश्न : मॅडम, मी बालगृहाचा अधीक्षक आहे. कार्यक्रमाच्या मूल्यमापनात नऊ प्रश्नांची नैराश्य-चाचणी आहे. नववा प्रश्न मरण्याच्या विचाराबद्दल. तो काढून टाकावा असं मला वाटतं, नसता विचार डोक्यात यायचा. शिवाय त्रास देणाऱ्या मुलांचा वेगळा गट करावा का?
– एक अधीक्षक

उत्तर : प्रश्न काढू नका, अधीक्षकसाहेब. विचारल्याने तो विचार येतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. विचारून कागद कपाटात ठेवणं मात्र घातक. एकूण गुण कमी आणि नवव्यात ‘हो’, असंही होतं. तेव्हा बेरीज नंतर करा, नववा प्रश्न चाचणीच्या संध्याकाळीच वाचा आणि त्या मुलाशी त्याच दिवशी बोला. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी चाचणीच्या आधी बोलून ठेवा. रात्री-अपरात्री १४४१६ वर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं.

वेगळा गट करू नका. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली ५०६ मुलांना घेऊन, ती वाईट मार्गाला लागू नयेत म्हणून, एक कार्यक्रम सुरू झाला. निम्म्यांना समुपदेशक, शिकवण्या, उन्हाळी शिबिरं. तो संपल्यावर ३० वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने शोध घेतला, तर मदत मिळालेल्यांचीच स्थिती काही बाबतींत जास्त वाईट होती. पुढे अशा शिबिरांतल्या संगतीवर बोट ठेवलं गेलं, वात्रट मुलं एकमेकांना दाद देतात. गंमत म्हणजे मदत मिळालेल्यांतल्या बहुतेकांनी सांगितलं होतं, की कार्यक्रमाचा आम्हाला फायदा झाला. तुमच्या छापील फॉर्मात शेवटी ‘कार्यक्रम आवडला का?’ असा प्रश्न असणारच. तो असू द्या, पण निकाल म्हणून लिहू नका. आणि गट चार-चारांचे करा, प्रत्येकात एकच उपद्व्यापी.